धाव

पुण्यात कर्वे रस्त्यावर मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा रात्री साडेअकराला माझी झोप उडायची. वाहतूक थांबली की लांब ट्रेलरवरून पुलाचा एकेक तुकडा यायचा. कामावरचे लोक त्याला सेगमेंट म्हणतात. काँक्रीटचा, आतून पोकळ, तीसेक टनांचा. एका रात्री आवाजाची तक्रार करायला म्हणून खाली उतरलो आणि बघतच राहिलो.

वर दोन खांबांना धरून एक अजस्र लोखंडी सांगाडा उभा होता, लाँचिंग गर्डर. एका गाळ्याचे, म्हणजे दोन खांबांमधल्या पुलाचे, सगळे सेगमेंट त्यालाच टांगायचे. खाली परांची नाही, टेकू नाही. नांदेडकडचा सुपरवायझर म्हणाला, "काका, नंबर बघा. सात नंबर आठलाच बसणार, दुसऱ्या कुणाला नाही." यार्डात नवा सेगमेंट आधीच्याला चिकटूनच ओततात, त्यामुळे एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खाचांत चपखल बसतात.

मग दोन पोरं हातमोजे घालून सांध्यावर करडा एपॉक्सी फासू लागली, गिलावा केल्यासारखा, हातानंच. कालवलेला एपॉक्सी घट्ट व्हायचा थांबत नाही, म्हणून कुणी बोलत नव्हतं. सळ्यांनी सेगमेंट आवळले तेव्हा सांध्यातून जादा एपॉक्सी ओघळला. तो सगळीकडून ओघळलेला दिसला की सुपरवायझरचा चेहरा सैल.

पूल या गोंदावर उभा राहतो, असं मला वाटलं होतं. तसं नाही. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. वरून गाडी गेली की गाळ्याची खालची बाजू ताणली जाते आणि तडकू पाहते. म्हणून ती आधीच दाबून ठेवायची, सेगमेंटमधून ओवलेल्या केबल ताणून. लोहार बैलगाडीच्या चाकावर तापवलेली धाव चढवतो, ती निवताना आवळते आणि लाकडाचे तुकडे एकजीव होतात, तसंच हे. फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने यानं 1928 साली या युक्तीचं पेटंट घेतलं. पुण्यातल्याच जुन्या होळकर पुलाच्या दगडी कमानींना हा दाब फुकटात मिळतो, दगडांच्या वजनातूनच. सरळ गाळ्याला तो विकत घ्यावा लागतो.

केबलचे सात-सात तारांचे पीळ सेगमेंटमधल्या नळ्यांतून ओवून झाले, टोकाला जॅक बसले. जॅकच्या मागे उभं राहायचं नाही, मलाही दटावून बाजूला केलं. ताणलेला पीळ सुटला तर बाणासारखा येतो. एकाची नजर दाबाच्या काट्यावर, दुसरा पट्टीनं मोजतोय, केबल किती मिलिमीटर लांबली. हा आकडा हिशेबाच्या आकड्याशी जुळावा लागतो. त्या रात्री जुळेना. काम थांबलं, पंप तपासला, चहा आला. दुसऱ्या खेपेला जुळला.

शेवटची केबल ताणली तेव्हा सांगाड्याला टांगलेल्या सळ्यांवरचा भार उतरू लागला. गाळा स्वतःला पेलत होता. नळ्यांत सिमेंटचा ग्राउट नंतर भरला.

दोन दिवसांनी गर्डर पुढच्या खांबाकडे सरकला. आता झोपमोड पलीकडच्या सोसायटीची.