लॅपटॉपची हमी : आम्हाला आलेला अनुभव



गेल्या वर्षी ऐन ऊसनोंदीच्या दिवसांत आमच्या गट ऑफिसातल्या लॅपटॉपचं झाकण मिटेना. पाहतो तर आतली बॅटरी फुगलेली! अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. पेट घेण्याचा धोका असतो.

लॅपटॉपची हमी ३ वर्षांची, पण बॅटरीची १ च वर्षाची. कागद आम्ही नीट वाचलाच नव्हता, भुर्दंड बसला. नोंदी मात्र रोज पेनड्राइव्हवर उतरवल्या होत्या, म्हणून कुणाची लागण तारीख गेली नाही, तोडीचा नंबर चुकला नाही.

आपण मुलांसाठी किंवा धंद्यासाठी लॅपटॉप घ्याल, तेव्हा बॅटरीची हमी किती, दुरुस्तीला माणूस घरी येतो की आपणच शहरात न्यायचा, हे आधी विचारा. बिल जपा. बेणं पारखूनच घेतो ना आपण?