गाडीचा करपट वास

मराठी भाषेने नाकाचे लाड फार केले आहेत. फोडणी खमंग असते, खोबरे खवट असते, पावसाळ्यात बंद राहिलेली खोली कुबट असते, तळणीची कढई ओशट असते. एवढी शब्दसंपत्ती पदरी असूनही मोटार मिस्त्रीपुढे उभी केली की आपण इतकेच म्हणतो, “जरा जळका वास येतो हो!” मिस्त्री बोनेट उघडतो, गंभीरपणे मान हलवतो आणि आपल्या पोटात गोळा उठतो. वास्तविक वास कोणता आणि तो येतो केव्हा, या दोन प्रश्नांची उत्तरे मालकाने नीट दिली, तर निम्मे निदान तेथेच होते.

प्रथम ‘कोणता’ हे पाहू. क्लचवर पाय ठेवून गाडी चढावर रेंगाळत नेली, तर कागद जळल्यासारखा वास येतो. ब्रेक अडकून राहिला, तर उग्र वास चाकापाशी येतो. वायर तापली, तर प्लॅस्टिक वितळल्याचा वास सुटतो. अशा वेळी गाडी तत्काळ थांबवावी. रेडिएटरमधले कूलंट गळत असेल, तर वास चक्क गोडसर असतो. इंजिन ऑइलचा वास मात्र कढईतले तेल शेगडीवर सांडावे तसा करपट आणि ओशट. स्वयंपाकघरात वावरणारे माणूस तो गाडी चालवणाऱ्याच्या आधी ओळखते.

आता ‘केव्हा’. नांदेडहून लातूरला जाणारा रस्ता घ्या. राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरून लोहा, अहमदपूर, चाकूर अशी ही सुमारे १४० किलोमीटरची वाट गोदावरीच्या खोऱ्यातून बालाघाटाच्या पठाराकडे चढत जाते. वैशाखात ऊन चाळिशी ओलांडते, गाडीत पाच माणसे आणि आहेराच्या पिशव्या! इंजिन तापते, ऑइल पातळ होते आणि एरवी नुसती पाझरणारी फट आता गळू लागते. गाडी धावत असेतो वारा वास मागे नेतो. अहमदपूरला चहासाठी थांबलो, की तोच वास समोरच्या काचेखालच्या जाळीतून आत शिरतो. थांबल्यावर येणारा वास, पण मागून धूर नाही, याचा अर्थ ऑइल बहुधा इंजिनाबाहेर गळून तापलेल्या एक्झॉस्टच्या नळावर पडत आहे. याउलट, वेग वाढवताना मागून निळसर धूर निघत असेल, तर ऑइल इंजिनाच्या आत जळते आहे. तेथे पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. सकाळी गाडी सुरू करताच निळ्या धुराचा एकच लोट येत असेल, तर व्हॉल्व्हची सिले पाहावीत.

हा भेद किती मोलाचा आहे पाहा. माझ्या एका सहकाऱ्यांची दहा वर्षांची गाडी असाच वास देऊ लागली. पहिल्या गॅरेजात निदान झाले, “इंजिन उतरवावे लागेल.” घरात मुलीचे लग्न तोंडावर आलेले; खर्चाच्या आकड्याने बिचाऱ्यांची झोप उडाली. दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी इंजिन आधी स्वच्छ पुसून घेतले, गाडी दहा किलोमीटर फिरवून आणली आणि विजेरीच्या उजेडात ओला पट्टा दाखवला. टॅपेट कव्हरचे पॅकिंग उष्णतेने कडक होऊन चिरले होते. गाडी दुपारी घरी आली आणि इंजिन होते तेथेच राहिले.

तेव्हा तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. नुकतेच ऑइल बदलले असेल, तर ओतताना सांडलेले चार थेंब जळून एक-दोन दिवसांत वास जातो. न गेल्यास ऑइलचे झाकण, फिल्टर आणि खालचा बोल्ट नीट बसले आहेत का, ते पाहावे. मग टॅपेट कव्हर. रात्री गाडीखाली शिळे वर्तमानपत्र पसरावे (दिवाळी अंक नको!), सकाळी डाग कोठे पडला ते दिसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून ऑइल येत असेल, तर तेथले सील गेलेले असू शकते. ते बदलण्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ही शंका सर्वांत शेवटी.

दुरुस्तीतही दोन गोष्टी मिस्त्रींना आवर्जून विचाराव्यात. इंजिनातली वाफ बाहेर जाण्याची वाट, म्हणजे ब्रीदरची नळी आणि व्हॉल्व्ह, साफ आहे ना? ती तुंबली तर आतला दाब वाढून ऑइल नव्या पॅकिंगमधूनही वाट काढते. दुसरे, कव्हरचे बोल्ट बेताने आणि सारखे आवळले ना? जोर लावून पिळल्यास कव्हर वाकते आणि गळती कायमची होते.

घरच्या माणसांनी करायचे काम सोपे आहे. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी ओढावी, पुसावी, पुन्हा बुडवून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेपलीकडे ओतणेही घातकच. लांबच्या प्रवासाआधी हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

दिवाळीत सारे दिवे मंगल. गाडीतला ऑइलच्या झारीचा लाल दिवा तेवढा अमंगल. इंजिन चालू असताना तो लागला, तर “लोह्यापर्यंत जाऊ” म्हणू नये. सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करावे, नाहीतर ते काही मिनिटांत जाम होऊ शकते. बोनेटमधून धूर येऊ लागला, तर गाडी कडेला घेऊन बंद करावी आणि सर्वांना, मुलांना आधी, रस्त्याच्या बाजूला न उतरवता दूर न्यावे. बोनेट सताड उघडू नये, कारण हवा मिळताच आग भडकते. पेटत्या तेलावर पाणीही ओतू नये. कोरड्या पावडरीचे लहान अग्निशामक नळकांडे आसनाजवळ असावे.

भाऊबीजेला बहिणीकडे निघण्यापूर्वी एकदा बोनेट उघडाच. आणि वास आलाच, तर मिस्त्रीला नुसता ‘जळका’ म्हणू नका. कोणता, केव्हा आणि धूर आहे की नाही, हे तीन शब्दांत सांगा.