पोस्टरवरचा रंग

सत्तरच्या दशकातल्या युरोपीय शृंगारपटांची चर्चा नग्नता आणि सेन्सॉर यांच्यापुढे सहसा जात नाही. मला मात्र कित्येक वर्षं या चित्रपटांच्या श्रेयनामावल्यांचं वेड आहे. कुणाचं नाव कुठे आलं आणि कुणाला दुसऱ्याच नावाने उभं केलं, हे पाहिलं की त्या पडद्यावर कुणाची किती पत होती ते कळतं. हा शोध मला पुन्हापुन्हा अभिनेत्री लॉरा गेमसरपाशी घेऊन जातो.

१९७४ चा फ्रेंच चित्रपट ‘एमान्युएल’ सर्वांना ठाऊक आहे. मूळ कादंबरी एमान्युएल आर्सां या टोपणनावाने आली. ते नाव बँकॉकमध्ये जन्मलेल्या मरायात रोले-आंद्रियान यांचं. लेखन त्यांच्या फ्रेंच मुत्सद्दी पतीचं होतं, असंही पुढे सांगितलं गेलं. नायिका कादंबरीतही फ्रेंचच आहे. थायलंडमध्ये चित्रित झालेल्या चित्रपटात नायिका झालेल्या सिल्व्हिया क्रिस्टेलभोवतीची थाई माणसं नोकर, गर्दी किंवा धोका एवढ्यापुरतीच उरतात. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात मालिश करणाऱ्या तरुणीची छोटी भूमिका गेमसरने केली. क्रिस्टेल उत्रेख्तची आणि गेमसरही तिथेच वाढलेली. एकाच डच शहरातून आलेल्या दोघींपैकी एक मालकीण झाली, दुसरी सेविका.

त्याच १९७५ मध्ये इटलीत दिग्दर्शक बित्तो अल्बेर्तिनीने फ्रेंच यशावर स्वार व्हायचं ठरवलं. कायद्याच्या कटकटी टाळायला ‘एमान्युएल’च्या स्पेलिंगमधला एक ‘एम’ गाळला, पुढे ‘काळी’ हे विशेषण जोडलं, कथा केनियात नेली आणि नायिका केली गेमसरला. तिचा जन्म १९५० चा, जावा बेटावरच्या सुरबायाचा. आफ्रिकेशी तिचा संबंध नव्हता. पण निर्मात्यांना गोरी नसलेली बाई हवी होती. ती कुठली, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

इटलीत ही भूक जुनी होती. एरिट्रिया १८९० पासून १९४१ पर्यंत इटलीची वसाहत. १९३५ मध्ये इथिओपियावर स्वारी झाली, तेव्हा तिथल्या स्त्रीला उद्देशून रचलेलं ‘फाचेत्ता नेरा’ हे गाणं देशभर गाजलं; दोनच वर्षांनी वसाहतीतल्या स्त्रियांशी सहजीवन हा इटालियन पुरुषांसाठी गुन्हा ठरला. हव्यास आणि मनाई यांचं हे जोडपं दुसऱ्या महायुद्धानंतरही मोडलं नाही. एरिट्रियात जन्मलेल्या झेउदी आरायाला १९७२ मध्ये दिग्दर्शक लुईजी स्कात्तिनीने नायिका केलं ते याच बाजारासाठी. पुढे तिने स्वतः चित्रपटनिर्मिती केली.

तरीही गेमसरच्या एमान्युएलला मी निव्वळ शोभेची बाहुली म्हणणार नाही. ती छायाचित्रकार-पत्रकार आहे. कॅमेरा तिच्या हातात आहे, ती जग फिरते, कुणाची बायको होत नाही. दिग्दर्शक जो दामातोने १९७७ मध्ये याच पात्रावर काढलेल्या ‘एमान्युएल इन अमेरिका’त ती स्त्रियांच्या भीषण छळाच्या चित्रफितींचा माग काढते, पण बातमी दडपली जाते. त्या काळच्या शृंगारपटात अशी कामकरी, स्वतंत्र आणि गोरी नसलेली नायिका दुर्मीळ होती. दामातोचा कॅमेरा मात्र तिच्या पत्रकारितेपेक्षा तिच्या अंगावरच रेंगाळतो, आणि ती जिथे जाते ते देशही सजावट होतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटात ती भारतात येते, तर इथे तिला भेटतो कामसुखाची गुरुकिल्ली सापडल्याचा दावा करणारा गुरू. तो गुरू साकारला जॉर्ज ईस्टमन या नावाने वावरणाऱ्या इटालियन लुईजी मोंतेफिओरीने.

१९८३ च्या ‘लव्ह इज फॉरेव्हर’ या अमेरिकी चित्रपटात गेमसरचं नाव मोयरा चेन होतं. म्हणजे आधी आफ्रिकी, मग चिनी वळणाची. जावामधली कधीच नाही. उत्रेख्तमध्ये तिने फॅशनचं शिक्षण घेतलं होतं. दामातोच्या कंपनीत पुढे ती वेशभूषाकार झाली. १९९० च्या ‘ट्रोल २’चे कपडे तिचे.

या चित्रपटांना आज कुणी वैविध्याचे अग्रदूत म्हणतात, ते मला पटत नाही. पडद्यावर सावळा चेहरा दिसणं ही सुरुवात झाली. त्या चेहऱ्याचं गाव, नाव आणि गोष्ट कुणी ठरवली, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. गेमसरच्या बाबतीत हे तिन्ही निर्णय दुसऱ्यांनी घेतले. म्हणून तिचा इतिहास लिहिताना आरंभ पोस्टरपासून न करता सुरबायापासून करायला हवा.