कडी काढलेला मठ

1964पर्यंत सेक्रेड हार्ट या कॅथलिक संघाच्या सिस्टर्स मठाच्या आवाराबाहेर सहसा पडत नसत. माहेरीसुद्धा नाही. मुंबईचं सोफिया कॉलेज याच संघाने 1940 साली काढलं. मुली रोज आत शिकायला येत आणि संध्याकाळी घरी जात. शिकवणाऱ्या सिस्टर्स तिथेच राहत. 1964च्या महासभेत हा नियम उठला. आणि गंमत बघा, 1972च्या सुमारास याच संघाच्या वंदना माताजी पुण्यात शिवाजीनगरला, येईल त्या अनोळखी माणसासाठी घर मांडून बसल्या! त्याचं नाव ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम.

सोबतीला होत्या अँग्लिकन सिस्टर्स. इंग्लंडच्या राजाने 1534मध्ये पोपशी काडीमोड घेतला, तेव्हापासून कॅथलिक आणि अँग्लिकन ही दोन घराणी वेगळी. इथे मात्र त्यांची चूल एक, प्रार्थनाघर एक.

शिवाजीनगरला येणाऱ्या कितीजणांना या जागेचा इतिहास ठाऊक असेल? जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने 1922 साली अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, तो नंतर पुण्यात याच जागी आला. त्यामागे आपल्या रेव्हरंड टिळकांची प्रेरणा होती. 1917मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवणारे, ‘स्मृतिचित्रां’तले तेच टिळक. विन्स्लोने त्यांचं चरित्रही लिहिलं. आदिवासींचा अभ्यासक म्हणून पुढे गाजलेला व्हेरियर एल्विन 1927 साली भारतात आला, तो याच संघात.

ख्रिस्ती प्रार्थनेत आरती कशी, असं अनेकांना वाटतं. तर 25 एप्रिल 1969 रोजी रोमने भारतासाठी बारा बदल मंजूर केले. चपला बाहेर काढून जमिनीवर बसायला हरकत नाही, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा चालेल, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकावं, पंचांग प्रणाम करावा, फुलं-धूप-दीप घेऊन आरती करावी. हे बंड नव्हतं, रीतसर परवानगी होती. शिवाजीनगरच्या आश्रमाने त्याही पुढे जाऊन बायबलसोबत उपनिषदं वाचायला घेतली.

प्रार्थनेची रीत इथली झाली, पण ऋतूंचं काय? आता उन्हाळ्याचं बघू. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान येतो आणि त्याचा आनंदकाळ पन्नास दिवस चालतो. युरोपात तेव्हा झाडांना नुकती पालवी फुटत असते. पुण्यात मात्र हेच दिवस होळी ते पहिला पाऊस या टापूतले, पारा चाळिशीला टेकलेला. म्हणजे उपासतापास संपवून चर्च सर्वांत आनंदात असतं, नेमकं तेव्हा महाराष्ट्र घामाघूम! शाळा-कॉलेजांना सुट्ट्याही तेव्हाच, त्यामुळे घराबाहेर पडायची सवडही याच दिवसांत. सुट्टी सरता सरता, बहुतेक वर्षी जूनमध्ये, ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या याच शिवाजीनगरावरून पुढे जातात.

अशा दिवसांत दारी कोण येईल सांगता येत नाही. येणाऱ्याला साक्षात ख्रिस्त मानून घरात घ्यावं, हा मठांचा फार जुना दंडक आहे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत त्यासाठी अख्खं 53वं प्रकरण आहे. मला त्यातली व्यवहारी बाजू जास्त आवडते. पाहुणे कधीही टपकतात, मठात त्यांचा तुटवडा कधीच नसतो. म्हणून त्यांच्यासाठी स्वयंपाकघर वेगळं ठेवा, बाकीच्यांच्या दिनक्रमाला धक्का नको. उन्हाळी सुट्टीत भाचरांनी भरलेलं घर सांभाळणाऱ्या कुठल्याही मामीला हे पटेल.

पण या घरातलं सर्वांत मोठं नवल म्हणजे सारा ग्रँट. स्कॉटलंडच्या या सिस्टर 1956 साली भारतात आल्या, तेव्हा मठाच्या दाराला कडी होती. त्यांनी सोफियात तत्त्वज्ञान शिकवलं, पुढे या आश्रमाच्या आचार्या झाल्या आणि शंकराचार्यांच्या अद्वैतात इतक्या खोल शिरल्या की स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हणवू लागल्या. शंकराचार्यांच्या ‘संबंध’ या संकल्पनेवरचा त्यांचा ग्रंथ 1999मध्ये मोतीलाल बनारसीदासने छापला. 2002 साली त्या गेल्या. पुण्यातल्या वेदान्त-अभ्यासाचा इतिहास जो कोणी लिहील, त्याने या सिस्टरना वगळू नये.