पुठ्ठ्याच्या फौजा, षट्कोनी रणांगण

तिसऱ्या फेरीला चिखल होतो.

तोवर जर्मनांच्या सोंगट्या मॉस्कोच्या दिशेनं सुसाट सुटलेल्या असतात. रणगाड्यांची जी दलं एका दमात कितीतरी घरं ओलांडत होती, ती आता फेरीला एकच घर सरकतात. समोरचा सोव्हिएत खेळाडू सुटकेचा श्वास टाकतो आणि राखीव सैन्य आणून फुटलेली फळी सांधू लागतो. चौथी फेरीही चिखलाचीच. पाचव्या फेरीला जमीन गोठते, रणगाडे पुन्हा धावू लागतात, पण खेळ आहे सातच फेऱ्यांचा. शेवटी मॉस्को ज्याच्या ताब्यात, तो जिंकला.

‘बॅटल फॉर मॉस्को’ हा खेळ फ्रँक चॅडविक या अमेरिकी रचनाकारानं १९८६ मध्ये तयार केला, तो मुद्दाम नवख्यांसाठी. १९४१ च्या ऑक्टोबरात जर्मन सैन्यानं मॉस्कोवर चाल केली, शरदातल्या पावसानं रशियातले कच्चे रस्ते गिळले आणि ५ डिसेंबरला सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला, एवढी कथा त्याच्या छोट्या नकाशात आणि चाळीसेक सोंगट्यांत मावते. नियम चार-पाच पानांत संपतात. घरी छापून घेता येईल अशा रूपात तो विनामूल्य मिळतो. ‘हेक्स अँड काउंटर’ वॉरगेम म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात इथून करावी.

नाव जड वाटतं, पण साहित्य साधं आहे. रणांगणाचा नकाशा आणि त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी आखलेली षट्कोनी घरं, म्हणजे हेक्स. पुठ्ठ्याच्या नखाएवढ्या चौकोनी सोंगट्या, म्हणजे काउंटर. एकेक सोंगटी म्हणजे एकेक सैन्यदल. सोबत एक-दोन फासे, एक-दोन तक्ते आणि नियमपुस्तिका. घाबरवते ती ही पुस्तिकाच. कायद्याच्या पुस्तकासारखी कलमं आणि पोटकलमं, ५.१, ५.११, ५.१२ अशी. नवखा माणूस पहिल्या पानावरून थेट शेवटच्या पानावर जातो, पुस्तिका मिटतो आणि खोकं माळ्यावर टाकतो.

तसं करण्याची गरज नसते, कारण या कुळातल्या बहुतेक खेळांचं व्याकरण एकच आहे. एका छोट्या खेळात ते कळलं, की दुसऱ्या खेळात फक्त नवे शब्द शिकावे लागतात.

पहिला प्रश्न घरांचा. बुद्धिबळासारखी चौकोनी घरं का नाहीत? चौकोनी पटावर आडवं किंवा उभं एक घर जाणं आणि तिरकं एक घर जाणं यांत फरक पडतो. तिरकं अंतर जवळजवळ दीडपट असतं. सैन्यानं दर वेळी तिरकंच जायचं ठरवलं, तर त्याला फुकटची वाट मिळते. षट्कोनाच्या सहाही शेजाऱ्यांचं अंतर सारखं असतं, त्यामुळे ही पळवाट बंद होते.

या छंदाचा पाया घालणाऱ्या चार्ल्स रॉबर्ट्‌स यालाही हे सुरुवातीला सुचलं नव्हतं. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या या तरुणानं १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा खेळ काढला आणि टपालानं त्याच्या सुमारे दोन हजार प्रती विकल्या. त्या पटावर चौकोनच होते. १९५८ मध्ये त्यानं ‘ॲव्हलॉन हिल’ ही कंपनी थाटली. तिच्या ‘गेटिसबर्ग’ या सुरुवातीच्या खेळातही चौकोनच होते. अमेरिकी लष्करासाठी अभ्यास करणाऱ्या ‘रँड’ या संस्थेतले लोक षट्कोनी घरांचा पट वापरतात, हे त्याला एका छायाचित्रात दिसलं. १९६१ पासून त्याच्या खेळांत षट्कोन आले आणि आजतागायत ते या छंदाची खूण होऊन राहिले आहेत.

लष्कराचा आणि या खेळांचा संबंध मात्र त्याहून जुना आहे. प्रशियातल्या राइसविट्झ पिता-पुत्रांनी ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ, घडवला. वडिलांनी १८१२ च्या सुमारास तो राजाला दाखवला, मुलानं १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम छापले आणि सेनाप्रमुखांनी तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी उचलून धरला. नशिबाचा भाग फाशावर सोपवायचा आणि नुकसान तक्त्यावरून काढायचं, ही पद्धत तिथलीच.

आता सोंगटीकडे पाहू. तिच्या मध्यभागी एक छोटा आयत असतो. त्यात फुली असली तर ते पायदळ, लांबट वर्तुळ असलं तर रणगाडे, एकच तिरकी रेघ असली तर घोडदळ. आयताच्या डोक्यावरच्या खुणा दलाचा आकार सांगतात: एक फुली म्हणजे ब्रिगेड, दोन म्हणजे डिव्हिजन, तीन म्हणजे कोअर. ही चिन्हं खेळासाठी केलेली नाहीत. खऱ्या लष्करी नकाशांवरही तीच असतात. खाली बहुधा दोन आकडे असतात. पहिला लढण्याची ताकद, दुसरा चाल. ‘८-४’ म्हणजे आठ ताकदीचं, फेरीला चार गुण चालणारं दल.

चालीचे गुण घराप्रमाणे खर्च होतात. मोकळ्या मैदानाच्या घराला एक, जंगलाच्या घराला बहुधा दोन. बुद्धिबळातल्या घोड्याला कधी नदी आडवी येत नाही, इथे येते. नकाशा हा इथे तिसरा खेळाडूच असतो, आणि तो कुणाच्याही बाजूचा नसतो.

मग येतो वचक. बहुतेक खेळांत प्रत्येक सोंगटीचा भोवतालच्या सहा घरांवर धाक असतो. तिथे शिरणाऱ्या शत्रूला थांबावंच लागतं. या एका नियमामुळे सगळ्या पटाचा चेहरा बदलतो. दोन सोंगट्यांमध्ये दोन रिकामी घरं सोडली तरी फळी अभेद्य राहते, कारण त्या फटीत शिरणारा तिथेच अडकतो. तीन घरं सोडली, की मधल्या घरातून शत्रू मागे घुसतो आणि रसद तोडतो. मागची वाट बंद झालेलं दल कमकुवत होतं किंवा मरतं. थोडं सैन्य, लांबलचक सीमा आणि कुठेतरी पडणारी फट ही सेनापतींची जुनी डोकेदुखी नवख्याला पहिल्या तासाभरातच ठाऊक होते.

लढाई ठरते ती गुणोत्तरावर. समजा, राखाडी बाजूच्या ८ आणि ६ ताकदीच्या दोन सोंगट्यांनी ४ ताकदीच्या लाल सोंगटीवर हल्ला केला. चौदाला चारनं भागलं तर साडेतीन. अपूर्णांक बचाव करणाऱ्याच्या पदरात पडतो, म्हणून हा हल्ला तीनास एक धरायचा. तक्त्यात ‘३:१’ चा रकाना शोधायचा, फासा टाकायचा आणि त्या ओळीतला निकाल वाचायचा: शत्रू मागे हटला, नष्ट झाला, दोघांचंही नुकसान झालं किंवा हल्लाच फसला. चारास एक हवं असेल तर सोळा ताकद लागते. हातात दोन कमी आहेत. शेजारच्या घरातलं दल ओढून आणलं तर भागेल, पण मग तिकडची फळी उघडी पडेल. या खेळातला बराचसा वेळ असल्याच हिशेबात जातो.

मराठी माणसाला हा हिशेब परका नाही. भाऊंनी अमुक केलं असतं तर, नजीब तमुक वेळी फुटला असता तर, अशा पानिपतच्या जर-तरवर आपण पिढ्यान्‌पिढ्या रात्री जागवल्या आहेत. वॉरगेम त्या ‘जर’ला पटावर आणतो आणि किंमत विचारतो. अर्थात उत्तर देतो तो रचनाकार. चिखलात दल एकच घर चालेल, हा आकडा म्हणजे मॉस्कोची मोहीम का फसली याबद्दल चॅडविकनं केलेलं विधान आहे. ते न पटणारा दुसरा रचनाकार दुसरा आकडा लिहितो आणि दुसरा खेळ बाजारात येतो. एकाच लढाईवर इतके खेळ का निघतात, याचं उत्तर यात आहे.

हे खेळ अनेक जण एकटेच खेळतात. दोन्ही बाजूंच्या सोंगट्या उघड्यावर असल्यामुळे ते सहज जमतं: एकदा या बाजूनं बसून या सेनापतीच्या डोक्यानं विचार करायचा, मग पट फिरवून त्या सेनापतीच्या. अट एकच, फाशाशी प्रामाणिक राहायचं. ती न पाळल्याची एक प्रसिद्ध कथा आहे. मे १९४२ मध्ये जपानी नौदलानं मिडवेच्या मोहिमेची तालीम ‘यामातो’ युद्धनौकेवर पटावर केली. फाशांनी जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पडल्याचा कौल दिला. पंच असलेल्या ॲडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले, आणि बुडालेल्या दोन नौकांपैकी एक पुढे पुन्हा पटावर आली, असं जपानी वैमानिक अधिकारी फुचिदा यांच्या आठवणींत आहे. जूनमधल्या खऱ्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या.

सुरुवात करणाऱ्यानं एक मोह टाळावा, तो म्हणजे सर्वांत भव्य खोकं घेण्याचा. रिचर्ड बर्ग यांचा १९७९ चा ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ पूर्ण खेळायला सुमारे दीड हजार तास लागतात असं सांगितलं जातं. त्यात इटालियन सैनिकांना पास्ता उकळायला जादा पाणी पुरवण्याचा नियम आहे. तो आपण गमतीनं घातला होता, असं बर्ग यांनी नंतर सांगितलं. आपल्याकडच्या वाचकाला ‘नेक्स्ट वॉर: इंडिया-पाकिस्तान’ हे २०१५ चं नाव खुणावेल. पण आजच्या काळातलं काल्पनिक भारत-पाक युद्ध मांडणारा तो खेळ मुरलेल्यांसाठी आहे. ज्याला आकड्यांचीच धास्ती आहे, त्यानं आधी ‘मेमॉयर ’४४’ खेळावा. षट्कोनी घरं तीच, पण पुठ्ठ्याऐवजी प्लॅस्टिकचे सैनिक आणि तक्त्याऐवजी खास फासे आणि पत्ते. घरातली दहा-बारा वर्षांची मुलंही त्यात रमतात.

परदेशातून खोकं मागवायचं तर मूळ किमतीवर वाहतूक आणि सीमाशुल्क चढतं. म्हणून पहिला खेळ घरीच छापावा. सोंगट्यांचा कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा, वाळू द्यायचा आणि पोलादी पट्टी धरून कटरनं कापायचा. कोपरे किंचित छाटले तर सोंगट्या एकमेकींत अडकत नाहीत. नकाशावर पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा ठेवला की पंख्याच्या वाऱ्यानं आणि चहाच्या कपानं होणारे घात टळतात. दाटीतली सोंगटी उचलायला चिमटा हवा; टपाल तिकिटं जमवणाऱ्यांकडचा उत्तम. समोर खेळायला कुणी नसेल, तर ‘व्हॅसल’ या विनामूल्य संगणक प्रणालीवर हाच पट मांडून पुण्यातला खेळाडू पोलंडमधल्या खेळाडूशी खेळू शकतो. व्हॅसल नियम शिकवत नाही, फक्त पट आणि फासे पुरवते. नियम दोघांनाही यावे लागतात.

पहिल्या दिवशी पुस्तिका पाठ करत बसू नये. एकदा वाचावी, सोंगट्या मांडाव्यात आणि फेरीचा क्रम एका कागदावर लिहून पटाशेजारी ठेवावा. पहिला खेळ चुकांसाठीच राखावा. नियम विसरला, वचक पाळायचा राहिला, तरी पुढे जात राहावं आणि खेळ संपल्यावर पुस्तिका पुन्हा उघडावी. पहिल्या वाचनात अगम्य वाटलेलं कलम आता ओळखीचं वाटतं, कारण त्याच कलमावर आपलं एक दल गारद झालेलं असतं.

एक अस्वस्थता मात्र या छंदाला नेहमी चिकटून आहे. सोंगटी पटावरून उचलली की ती डबीत जाते; मॉस्कोच्या वाटेवर गोठलेली माणसं त्या डबीत दिसत नाहीत. नाझींच्या एसएस दलाच्या सोंगट्या वेगळ्या काळ्या रंगात छापून त्यांना रुबाब द्यावा का, यावर खेळणाऱ्यांतच वाद झाले आहेत. चांगले खेळ निदान एवढं करतात, की लढाईमागची भूक, थंडी आणि तुटलेली रसद यांना नियमांत जागा देतात.

‘बॅटल फॉर मॉस्को’ची सातवी फेरी. जर्मनांचं राखाडी दल मॉस्कोला भिडलं आहे, हिशेब करून चारास एक जमवलं आहे. फासा घरंगळत टेबलाखाली जातो. दोघंही वाकून पाहतात. एक. तक्ता सांगतो, हल्ला फसला. सोव्हिएत खेळाडू खुर्चीतून उठतो, पटाला वळसा घालून राखाडी बाजूला येऊन बसतो आणि सोंगट्या पहिल्या फेरीच्या जागी मांडू लागतो.