स्तरानुरूप अध्यापन

स्तरानुरूप अध्यापन ही वय किंवा इयत्तेऐवजी वाचनाच्या व अंकगणिताच्या प्रत्यक्ष पातळीनुसार विद्यार्थ्यांचे गट करून शिकवण्याची पद्धत आहे. इंग्रजीत ती 'टीचिंग ॲट द राइट लेव्हल' या नावाने ओळखली जाते. मुंबईत १९९५ मध्ये माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी स्थापन केलेल्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने ती विकसित केली. तिचा वापर मुख्यतः इयत्ता तिसरी ते पाचवीच्या ज्या मुलांना मूलभूत वाचन व गणन अवगत झालेले नाही, त्यांच्यासाठी केला जातो.

पार्श्वभूमी

प्राथमिक शाळेतील पाठ्यपुस्तके मागील इयत्तांचा अभ्यास पूर्ण झाला आहे असे गृहीत धरून तयार केलेली असतात. तिसरीत अक्षरे जोडून शब्द वाचू न शकणाऱ्या मुलाला चौथीत गणिताचे शाब्दिक उदाहरण किंवा परिसर अभ्यासाचा धडाही वाचता येत नाही. त्यामुळे एका विषयातील उणीव सर्व विषयांत पसरते आणि दरवर्षी वाढत जाते. 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. म्हणजेच पाचवीच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले अभ्यासक्रमाच्या किमान तीन इयत्ता मागे होती.

शिक्षकांवरील जबाबदाऱ्यांतही या प्रश्नाचे प्रतिबिंब दिसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार शिक्षकाने ठरावीक मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे बंधनकारक आहे. त्याच कलमानुसार प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणेही त्याचे कर्तव्य आहे. उपलब्ध वेळ मर्यादित असल्याने प्रत्यक्षात पहिली जबाबदारी दुसरीवर मात करते.

कार्यपद्धती

सुरुवातीला प्रत्येक मुलाची काही मिनिटांची तोंडी चाचणी घेतली जाते. वाचनाचे पाच स्तर मानले जातात: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट. परिच्छेद पहिलीच्या, तर गोष्ट दुसरीच्या पातळीची असते. गणितात अंकओळख व मूलभूत क्रिया तपासल्या जातात. चाचणी एकेका मुलाची घेतली जात असल्याने लेखी परीक्षेत लपून राहणारी अडचण नेमकी कोठे आहे, ते समजते.

त्यानंतर तिसरी ते पाचवीच्या मुलांचे एकत्रित गट केले जातात आणि रोजचा ठरावीक वेळ, साधारणतः एक ते दोन तास, त्यांच्यासाठी राखून ठेवला जातो. शाळेतील प्रत्येक शिक्षक त्या वेळेपुरता एका इयत्तेऐवजी एका स्तराची जबाबदारी घेतो. गोष्ट ऐकणे व तिच्यावर बोलणे यांत गटातील सर्व मुले सहभागी होतात. पुढे अक्षर स्तरावरील मुले बाराखडीचा तक्ता वाचतात आणि शब्दखेळ खेळतात, तर परिच्छेद वाचणारी मुले गोष्ट स्वतः वाचून तिचा शेवट बदलून लिहितात. दशक व एकक शिकवण्यासाठी सुट्या काड्या आणि दहा काड्यांचे गठ्ठे वापरले जातात. चाचणी ठरावीक काळाने पुन्हा घेतली जाते आणि प्रगती झालेले मूल पुढच्या गटात जाते.

संशोधन

या पद्धतीचे पूर्वरूप असलेल्या 'बालसखी' कार्यक्रमात स्थानिक तरुणी पालिका शाळांतील मागे पडलेल्या मुलांना दिवसातून सुमारे दोन तास वेगळे बसवून शिकवत असत. मुंबई व वडोदरा येथे अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी त्याचे यादृच्छिक चाचणीद्वारे मूल्यमापन केले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बालसखीकडे गेलेल्या मुलांची लक्षणीय प्रगती झाली. मूळ वर्गात राहिलेल्या मुलांची संख्या कमी होऊनही त्यांच्या गुणांत विशेष फरक पडला नाही. यावरून पटसंख्या घटवण्यापेक्षा अध्यापनाची पातळी बदलणे अधिक परिणामकारक असल्याचे सूचित झाले. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक दारिद्र्य कमी करण्यासाठी वापरलेल्या प्रायोगिक पद्धतीबद्दल ते देण्यात आले होते.

बिहारमधील अनुभव विशेष उल्लेखनीय ठरला. तेथे २००८ च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनी शिकवलेल्या मुलांची महिनाभरात प्रगती झाली. मात्र शाळेच्या नियमित वर्षात शिक्षकांना नुसते प्रशिक्षण व साहित्य दिल्याने तसा परिणाम दिसला नाही, कारण अभ्यासक्रम पुढे नेण्याच्या रोजच्या कामात नवी पद्धत मागे पडली. हरियाणात २०१२–१३ मध्ये वेळापत्रकातच स्वतंत्र तास राखून त्यावर पर्यवेक्षण ठेवण्यात आले. तेव्हा त्याच सरकारी व्यवस्थेत मुलांचे हिंदी वाचन सुधारले. शिक्षकांचे कौशल्य पुरेसे असले तरी त्यांना वेळ आणि प्रशासनाची मुभा लागते, असा निष्कर्ष यातून काढण्यात आला.

प्रसार

भारताबाहेर झांबियात 'कॅच अप' या नावाने शासकीय शाळांत ही पद्धत स्वीकारली गेली. बोट्सवानासह आफ्रिकेतील इतर काही देशांतही ती राबवली जाते.

मर्यादा

गट दीर्घकाळ न बदलल्यास 'हुशार' आणि 'ढ' अशी कायमची विभागणी होऊन मुलांचा आत्मविश्वास खचण्याचा धोका असतो. त्यामुळे पुनर्चाचणी हा या पद्धतीचा अनिवार्य भाग मानला जातो. तिचा भर पायाभूत वाचन व अंकगणितावर असल्याने वरच्या इयत्तांतील विषयज्ञानाला ती पर्याय ठरत नाही. अपंग विद्यार्थ्यांना लागणारी स्वतंत्र साधने व साहाय्यही तिच्यातून आपोआप मिळत नाही. शिवाय ही उपाययोजना मूल मागे पडल्यानंतरची आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानाचा उद्देश तिसरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मिळवून देणे हा आहे. तो साध्य होईपर्यंत आज चौथी-पाचवीत असलेल्या मुलांसाठी स्तरानुरूप अध्यापनाची गरज कायम राहते.