पाणी, रॉकेल आणि डोक्यावरचं छप्पर

मुंबईला नळाचं पाणी देणारे पहिले दोन तलाव, विहार आणि तुळशी, आपल्या उपनगरांच्याच डोंगरात आहेत. विहारचं पाणी १८६० साली शहरात गेलं, तुळशीचं १८७९मध्ये. पुढे तानसाच्या अजस्र जलवाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपरवरून दक्षिणेकडे गेल्या. उपनगरातल्या बायका मात्र १९६०च्या आसपासही विहिरींवर आणि सार्वजनिक नळांवर ताटकळत होत्या. गोरेगाव, बोरिवली, मुलुंडचा पट्टा १९५७ साली बृहन्मुंबईत आला. कर लगेच लागू झाले. पाण्याची मात्र वाट बघायची होती. गोरेगावच्या समाजवादी कार्यकर्त्या मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत नगरसेविका म्हणून गेल्या, त्या या परिस्थितीत.

पाणी भरणं हे घरातल्या बाईचं काम, म्हणून ते कुणी कामात धरतच नव्हतं. पहाटे उठून नंबर लावायचा, हंडा-कळशी घेऊन उभं राहायचं, एक खेप झाली की पुन्हा रांगेच्या शेवटी. मध्येच नळ गेला तर रिकाम्या भांड्यानिशी घरी. त्यात एखादीची रोजंदारी बुडाली, पोरीची शाळा चुकली, तर त्याची नोंद पालिकेच्या कुठल्याच वहीत होत नव्हती. मृणालताईंनी या बायकांचे हंडा मोर्चे महापालिकेवर नेले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना वस्तीतल्या लोकांनी दिलं आणि ते जन्मभर राहिलं.

प्रशासनाचा युक्तिवाद ठरलेला होता. झोपडी अनधिकृत आहे, तिथं नळ दिला तर ती अधिकृत होईल. मृणालताईंचं म्हणणं सरळ होतं: जागेचा वाद जागेच्या ठिकाणी मिटवा, तोवर माणसांना पाणी द्या. हा वाद जुना झाला असं कुणी समजू नये. ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारण्याचं धोरण मुंबईत कितीतरी वर्षं चाललं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४मध्ये निकाल दिला, की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि झोपडी बेकायदा असल्याचं कारण देऊन ते पूर्ण नाकारता येणार नाही. पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आलं ते २०२२मध्ये. म्हणजे गोरेगावच्या नगरसेविकेनं जे साठच्या दशकात मांडलं, ते कागदावर यायला अर्धशतक उलटलं. याची चीड यायला हवी.

मृणालताई मूळच्या मोहिले. जन्म २४ जून १९२८चा. डॉक्टर व्हायला निघालेल्या या मुलीनं राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीसाठी वैद्यकीय शिक्षण सोडलं आणि १९४८ साली केशव गोरे यांच्याशी लग्न केलं. चळवळीत ते बंडू गोरे. दोघांनी गोरेगाव हेच कामाचं गाव मानलं. १९५८मध्ये केशवराव गेले. पदरी लहान मुलगी. तिशीतल्या विधवेनं काय करावं याविषयी समाजाची मतं तेव्हा पक्की होती. ताईंनी गोरेगावातलं काम वाढवलं. तिथला केशव गोरे स्मारक ट्रस्ट आजही उभा आहे. घरात छळ सोसणाऱ्या बायकांना आधार आणि सल्ला देणारं ‘स्वाधार’ हे केंद्र तिथूनच चाललं.

१९७२मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या. दुष्काळाचे दिवस. धान्य, गोडं तेल, रॉकेल, साखर यांची टंचाई, रेशनच्या दुकानांसमोर रांगा, मागच्या दारानं काळाबाजार. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. तिच्यात समाजवादी मृणाल गोरे, प्रमिला दंडवते, कमल देसाई होत्या, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर होत्या, कम्युनिस्ट तारा रेड्डी होत्या. या पक्षांचे पुरुष नेते एकमेकांशी तात्त्विक भांडणं करण्यात पटाईत होते. बायकांनी ती भांडणं बाजूला ठेवली, कारण प्रत्येकीच्या घरी रॉकेल संपलेलं होतं. हातात लाटणी घेऊन त्या हजारोंनी रस्त्यावर उतरल्या, ठरल्या वेळी थाळ्या बडवल्या, मंत्र्यांना घेराव घातले. कधी राजकारणात न पडलेल्या गृहिणी या मोर्च्यांत होत्या, आणि मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. जिन्नसाचा भाव ही बाईच्या काटकसरीची परीक्षा नसून सरकारच्या धोरणाचा भाग आहे, हे त्या तिथं शिकल्या आणि दारातून बाहेर पडल्या. सभागृहात ताईंचा आवाज चढायचा तो या बायकांच्या बळावर.

आणीबाणीत त्या आधी भूमिगत होत्या, डिसेंबर १९७५मध्ये पकडल्या गेल्या, तुरुंगात राहिल्या. १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि ‘पाणीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा घरोघरी पोचली. मोरारजी देसाईंनी देऊ केलेलं मंत्रिपद मात्र त्यांनी घेतलं नाही.

१९८५मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या, पुढे विरोधी पक्षनेत्याही झाल्या. त्या काळात मुंबईत गर्भजलपरीक्षेचं पेव फुटलं होतं. गर्भातले दोष शोधण्यासाठी आलेलं तंत्र मुलगी हुडकून पाडण्यासाठी वापरलं जात होतं. उपनगरी गाड्यांच्या डब्यांत त्याच्या उघड जाहिराती लागत. आज थोडा खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा, असा त्यांचा सूर. १९८६ साली मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाहणीत ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत असल्याचं आढळलं. स्त्री संघटना, डॉक्टर, वकील यांनी मिळून विरोधी मंच उभा केला होताच. मृणालताईंनी हा विषय अशासकीय विधेयकाच्या रूपानं विधानसभेत आणला.

अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं विधेयक. बहुतेक अशी विधेयकं चर्चेलाही येत नाहीत, आणि विरोधी बाकांवरून आलेलं मंजूर होणं तर जवळजवळ अशक्यच. त्याचा उपयोग वेगळा असतो. सरकारला त्या विषयावर सभागृहात उत्तर द्यावं लागतं, आणि बाहेर लोकांचा रेटा असेल तर ‘आम्हीच कायदा करतो’ म्हणावं लागतं. इथं तसंच झालं. १९८८मध्ये महाराष्ट्रानं लिंगनिदानाला चाप लावणारा देशातला पहिला कायदा केला. तो अपुरा होता. खासगी केंद्रांना परवाना मिळण्याची वाट त्यात ठेवली होती, आणि चळवळीतल्या लोकांनी ते तेव्हाच बोलून दाखवलं. तरी १९९४च्या केंद्रीय कायद्याला या कायद्यानंच रस्ता करून दिला.

घरांचं कामही याच दशकातलं. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानं मुंबईत एका मालकाला ५०० चौरस मीटरपर्यंतच मोकळी जमीन ठेवता येणार होती. जादा जमीन सरकारनं घेऊन दुर्बल घटकांच्या घरांना वापरावी, असा हेतू. प्रत्यक्षात सवलतीच्या कलमांतून जमिनी निसटत राहिल्या. मृणालताई, बाबुराव सामंत, कमल देसाई आणि सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद काढली, त्याच कायद्याचं बोट धरून जादा जमीन मागितली, आणि मंत्रालय व न्यायालयाचे खेटे घालत वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या टेकाडावर ६२ एकरांवर ६,२१४ घरं उभी राहिली. ती मिळाली कारकून, शिक्षक, कामगार अशा लोकांना, ज्यांना अंधेरी ते बोरिवली कुठंही बिल्डरचा भाव परवडणारा नव्हता.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी वसईत गेल्या. गोरेगावच्या एका उड्डाणपुलाला त्यांचं नाव दिलं आहे. जमीन कमाल धारणा कायदा मात्र महाराष्ट्रानं त्यांच्या हयातीतच, २००७ साली, रद्द केला. त्यामुळे ज्या कलमांवर बोट ठेवून दिंडोशीची जमीन मागता आली, ती कलमं आज घर शोधणाऱ्या कारकुनाच्या हाती उरलेली नाहीत.